चौथं वर्ष कशाला?

राणीसावरगाव
१८ मे

नागेश,

जय भीम. फोन लावला की तू "माय, ड्युटीवर हाय" म्हणतोस अन् कापतोस. म्हणून हे पत्र. आता काप बघू.

अक्षर वळखलंस ना? तुझ्याच लेकीचं हाय. एप्रिलपासून तू तिच्याशी बोलंनास, ती तुझ्याशी बोलंना, अन् मला तर लिहायवाचायला येत न्हाई. मग सांगावं कुणाला? विहार सांभाळणाऱ्या लिंबाजीला बसवलं असतं तर त्यानं आधी विहारात वाचून दाखवलं असतं, मग पोस्टात टाकलं असतं. म्हणून शीलाला बसवलं. तोंड माझं, हात तिचा. तुमचं भांडण तुमच्यापाशी ठेवा, माझ्या कागदात आणू नका.

(लिहिणारीची टीप: मी फक्त ऐकून लिहायलेय. मजकुराशी माझा संबंध नाही.)

मधीच काय लिहिलीस ग? मी गप्प असताना पेन चाललं तर मला दिसतं. अन् मी इतकं बोलायलेय, तू दोनच ओळी लिहिल्यास तरी दिसतं. डोळे अजून गेले न्हाईत माझे.

तर बातमी अशी की पोरगी पास झाली. एकाच दिवशी दोन परीक्षा आल्या, परभणीला तू म्हणलेली नर्सिंगची अन् नांदेडला तिची गणिताची, अन् ती नांदेडच्या गाडीत बसली, एवढंच तुला ठाऊक हाय. तिथं काय झालं ते तू विचारलंच न्हाईस. कुठून कुठून पोरं आली व्हती. त्यातली थोडीच उचलली, त्यात आपली एक. आता मुलाखत. ती झाली की पुण्याकडच्या विद्यापीठात ऑनर्स.

ऑनर्स म्हणजे काय, हे मलाबी तिनं तीनदा सांगितलं तेव्हा कळलं. गणिताचीच पदवी, पण तीन वर्षांची न्हाई, चार वर्षांची. मी म्हणलं, गणितात चार वर्षं मोजण्यासारखं हाय तरी काय? तर हसायली.

गावाला मात्र अजून कळलं न्हाई. केशरबाई परवा माझ्या शेजारी बसली अन् हळूच पाठीवर हात ठेवून म्हणली, "होतंय बाई. माझा नातूबी एक वर्ष राहिला व्हता. पुढं निघाला बरा." तिला वाटलं, तीन वर्षांचं काम आपल्या पोरीला चारांत जमणार म्हणजे एकदा नापास व्हणार, अन् ते आधीच ठरलंय.

एप्रिलात तूबी तेच म्हणलास ना फोनवर? "तीनात होतंय ते चारात कशाला? चौथं वर्ष कशाला?" तुझं सगळंच खोटं हाय असं मी म्हणत न्हाई. हैदराबादच्या दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीत तू इतकी वर्षं उभा राहिलास. नर्स कुठल्या गावाला गेली तरी कामावाचून बसत न्हाई, हे तू डोळ्यानं बघतोस. पोरीचं भलंच बघायलास. पण बाबा, तू उत्तर ऐकून घ्यायच्या आधीच फोन ठेवलास. प्रश्न विचारायचा अन् पळायचं, ही लहानपणापासूनची खोड हाय तुझी.

तुझी माय,
सगुणाबाई

---

२९ जून

नागेश,

पत्राला उत्तर दिलं न्हाईस. मनिषाला मात्र फोनवर विचारलंस म्हणं, "मायचं बरं हाय ना?" बायकोच्या आडून मायची खबर घेतोस. बरं हाय. लय बरं हाय. घरात परीक्षा चालू हाय अन् साहेब मी झालेय.

मुलाखत मोबाईलवर व्हणार, चौदा जुलैला. पलीकडं तिघं प्राध्यापक, अलीकडं आपली एकटी. तालीम पाहिजे म्हणली. मग मी खाटेवर पाय वर घेऊन बसले, डोळ्याला तुझा जुना चष्मा लावला, अन् तिला उंबऱ्याच्या बाहेर उभी केली.

"नाव?"

"धम्मशीला नागेश—"

"आवाज कुठं गेला? सकाळी माझ्याशी भांडताना तर लय मोठा व्हता."

"आजी, साहेब असं बोलत न्हाईत."

"साहेब कसे बोलतात ते तुला काय म्हाईत? तू कुठं बघितलेस? चल, सांग. स्वयंपाक येतो का?"

"आजी! गणिताची मुलाखत हाय."

"मग भाकरी गोल कशी व्हती ते सांग."

तर बाबा, ती खरंच सांगायला लागली. मधोमध एक ठिकाण, तिथून सगळीकडं सारखं अंतर, अन् असं अन् तसं. मी म्हणलं, बाई, माझी भाकरी तर कुठूनच सारखी न्हाई. "म्हणून तर ती गोल न्हाई, आजी." साहेबालाच नापास केलं.

मनिषा अंगणवाडीतून आली ती दारातच थांबून हसायली. लय दिवसांनी तिला तसं हसताना बघितलं. तूबी असतास तर हसला असतास, पण तू रुसलेला माणूस. रुसलेल्याला हसायची मुभा नसते.

एकच अडचण हाय. घरात मोबाईलला रेंज न्हाई. खाटेवर उभं राहिलं की एक कांडी येते, उतरलं की जाते. आता प्राध्यापकापुढं खाटेवर उभं कसं राहावं? म्हणून विहारात बसायचं ठरवलंय. तिथं रेंज चांगली, भिंती पक्क्या, दुपारी कुणी येत न्हाई. लिंबाजीनं कबूल केलंय.

(लिहिणारीची टीप: चष्मा उलटा लावला होता.)

---

१५ जुलै

नागेश,

बस आधी. बसलास? मुलाखत झाली. साऱ्या गावानं ऐकली.

सांगते. पावसाळ्यातला वर्षावास लागल्यापासून विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचायला शीलाच बसते, हे तुला ठाऊक हाय. सकाळची वंदनाबी तिच्याच मोबाईलवरून लागते, अन् वरच्या भोंग्यातून गावभर जाते. लिंबाजीनं ती मशीन अशी काही जोडून ठेवलीय की शीलाचा मोबाईल विहाराच्या दारात आला रे आला, आपोआप भोंग्याला चिकटतो. हे तिलाबी म्हाईत, लिंबाजीलाबी म्हाईत. काल मात्र दोघंबी विसरले. मशीन कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली लिंबाजीच्या कमरेला, अन् लिंबाजी रानात.

मी बाहेर पायरीवर राखण बसले. लेकरं येऊन दंगा करतील म्हणून. तिनं आतून दार लावलं, खिडकी लावली. दुपारचे चार वाजले अन् माझ्या डोक्यावरून एक बाई बोलली, "नमस्कार धम्मशीला, माझा आवाज येतोय का?"

येतोय म्हणजे? राणीसावरगावच्या शिवेपर्यंत गेला!

तुला तर म्हाईत हाय, भोंगा अवेळी वाजला की आपल्याकडं दोनच गोष्टी. एक तर कुणी गेलं, न्हाई तर नळाला पाणी सुटलं. केशरबाई घागर घेऊन पळत आली. गीताबाई पदर तोंडाला लावून, रडायच्या तयारीनं आली. "कोण गेलं?" म्हणून विचारायली. मी म्हणलं, कुणी गेलं न्हाई, आपली शीला पुण्याला जायलीय, गप बस. निंदायला गेलेल्या बाया बांधावर उभ्या राहिल्या. पारावरची माणसं पत्ते टाकून आली.

तेवढ्यात भोंगा म्हणला, "मूळ संख्या कधीच संपत नाहीत, हे तू कसं सिद्ध करशील?"

केशरबाईनं घागर खाली ठेवली.

आता गंमत बघ. भोंग्यातून पलीकडच्यांचंच बोलणं येत व्हतं. शीला आत जे बोलायली ते नुसतं मोबाईलमधी जायलं, बाहेर काहीच न्हाई. म्हणजे साऱ्या गावाला प्रश्न ऐकू यायलेत, उत्तर कुणालाच न्हाई. प्रश्न आला की सारे भोंग्याकडं तोंड करून गप्प उभे. मग भोंगा म्हणायचा, "छान," की एकदम सुस्कारा. एकदा म्हणला, "नाही, पुन्हा विचार कर." तेव्हा गीताबाई खरंच रडली.

लिंबाजी रानातून पळत आला, किल्ली हातात धरून. "काकू, सरका, बंद करतो." मी पायरीवर आडवी बसले. म्हणलं, आता दार उघडून आत गेलास तर पोरीची मुलाखत मोडेल. हे खरं. अन् मलाबी ऐकायचं व्हतं, हेबी खरं.

मग त्या बाईनं विचारलं, "धम्मशीला, मागं कुणी बोलतंय का? आवाज घुमतोय." शीला काय म्हणली म्हणून आता हिलाच विचारलं. ही म्हणते, "मी म्हणले, तुम्हीच बोलताय, मॅडम. मोबाईलवरून भोंगा तोडायला गेले तर मुलाखतच तुटंल म्हणून भ्याले."

अन् मग आला तो प्रश्न. आता पुरुष माणूस व्हता, जरा जाडा आवाज. "तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं. नोकरी शोधता येते. मग तुला हे चौथं वर्ष कशाला?"

नागेश, मला वाटलं तूच आलास की काय भोंग्यात.

सारं गाव थांबलं. बांधावरच्या बाया थांबल्या. भोंगा गप्प. आत पोरगी बोलायली, लय वेळ बोलायली. मी दाराला कान लावला तर नुसती कुजबुज. मग त्या माणसानं अजून एक काही विचारलं, "आणि नाहीच सुटलं तर?" पुन्हा गप्प. अन् मग भोंगा हसला. तिघंबी हसले, मोठ्यानं. पाखरं उडाली वडावरची.

का हसले? कशाला हसले? दार उघडून शीला बाहेर आली अन् समोर सारं गाव. तिचं तोंड बघायला पाहिजे व्हतंस. पळाली ती घरात, अन् ते का हसले हे अजून कुणाला सांगायला तयार न्हाई. मलाबी न्हाई.

निकाल आठवडाभरात. माझी भूक मेलीय. तुझी?

---

२३ जुलै

नागेश, निवडली!

तिनं मोबाईल बघितला अन् ओरडलीच न्हाई. नुसती खाटेवर उभी राहिली, रेंज जाऊ नये म्हणून, अन् पुन्हा पुन्हा तेच वाचायली. मला वाटलं, गेलं सगळं. मग मनिषाच्या गळ्यात पडली तेव्हा कळलं. मनिषा रडली, मी मनिषाला रागावले, अन् मग रागावता रागावता काय झालं ते सांगत न्हाई.

(आजीपण रडली.)

लिहिलीस ना काहीतरी? कळतंय मला.

केशरबाईनं घरोघरी गूळ-शेंगदाणे वाटले, जशी तिचीच नात. नापास व्हणार म्हणून पाठ थोपटणारी आता म्हणते, "मी तर आधीच म्हणले व्हते." पण गावाचा जीव एकाच गोष्टीत अडकलाय. त्या चौथ्या वर्षाच्या प्रश्नाला पोरीनं उत्तर काय दिलं? लिंबाजी म्हणतो, सरकारी नोकरी म्हणली असंल. केशरबाई म्हणते, हुशार हाय, लग्न एक वर्ष लांबतं म्हणली असंल, म्हणून तर हसले. गीताबाई म्हणते, पोरगी रडली असंल अन् त्यांना दया आली. दया आल्यावर कुणी हसतं का? पारावर यावरून दोघांची बोलाचाल झाली अन् ते आता एकमेकांना रामराम करत न्हाईत. म्हणजे तुझ्यासारखे अजून दोघं झाले.

आज मी शीलाला धरलं. म्हणलं, गावाला सांगू नको. मलाबी सांगू नको. पण हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला? त्या प्राध्यापकानं न्हाई. तुझ्या बापानं विचारला. त्याचं उत्तर त्याला मिळालं पाहिजे. तर मी आता गप्प बसते अन् भिंतीकडं तोंड करते. तू लिही.

"अन् मग वाच म्हणशील," ती म्हणली.

"न्हाई म्हणणार."

"खरंच?"

"माझ्यापुढं कागद धरलास तरी मला काय कळणार हाय, येडे? लिही."

पप्पा,

मी म्हणाले, तीन वर्षं जी गणितं शिकवतात ती कुणीतरी आधी सोडवलेली असतात. पुस्तकाच्या शेवटी उत्तर छापलेलं असतं. चौथ्या वर्षी असं एक गणित हातात देतात, की त्याचं उत्तर शिकवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मला ते वर्ष हवंय. आधीची तीन मी त्याच्यासाठी करणार आहे.

सरांनी विचारलं, आणि नाहीच सुटलं तर? मी म्हणाले, सर, माझे वडील एप्रिलपासून माझ्याशी बोलत नाहीत. तेही अजून सुटलेलं नाही. पण मी रोज सकाळी उठून पुन्हा पहिल्यापासून मांडते. त्यावर ते हसले. मला हसवायचं नव्हतं, पप्पा.

नर्सिंगचं तुमचं म्हणणं मला पटत नव्हतं असं नाही. मला ते पुरत नव्हतं. हे त्या दिवशी सांगायला पाहिजे होतं. परीक्षेला जाताना तुम्हाला न सांगता गेले, ते माझं चुकलं. गेले, ते चुकलं नाही.

शीला

झालं का? लय लिहिलंस. अर्धा कागद भरला की. आता मला लिहायला जागा ठेवलीस का न्हाई?

नागेश, ह्यात काय हाय मला ठाऊक न्हाई. तिच्या तोंडाकडं बघून एवढं कळतंय की चहा टाकायला पाहिजे.

---

३ ऑगस्ट

नागेश,

पत्र पोचलं म्हणून मनिषाला सांगितलंस. "हां, मिळालं," एवढंच. पुढं काही न्हाई.

येत्या आठ तारखेला आमी निघतो. शीला, मनिषा अन् मी. मला कशाला नेता म्हणलं तर ऐकंनात. गंगाखेडहून परभणी, परभणीहून पुण्याची गाडी. लिंबाजी स्टेशनापर्यंत येणार. गीताबाईनं शेव, चिवडा, लोणचं असं बांधून दिलंय की हॉस्टेलमधल्या साऱ्या पोरी पावसाळाभर खातील. विहारातलं वाचन आता मनिषा परत आल्यावर करणार. तोवर लिंबाजी वाचतो म्हणला. दोन दिवस वाचलं त्यानं. बाया म्हणतात, लवकर परत या.

पोरीला आता भीती वाटायलीय, पण सांगत न्हाई. सकाळपासून तीच पिशवी भरते अन् तीच उपसते. मी विचारलं, काय शोधायलीस? म्हणली, काही न्हाई. मग म्हणली, "आजी, तिथली सगळी पोरं माझ्यापेक्षा हुशार असतील." मी म्हणलं, असू दे की. तू इथं सगळ्यांत हुशार व्हतीस तर काय उजेड पडला? माझ्याशीच भांडत बसलीस. तिथं भांडायला बरोबरीची माणसं मिळतील.

तेव्हा हसली जरा.

आता तुला एक सांगते. तू काही येऊ नकोस. दवाखान्यात रजा मिळत न्हाई, गाडीत जागा मिळत न्हाई, अन् आमी तिघी बाया काय पोरीला सोडू शकत न्हाई व्हय? परवा मनिषाला विचारलंस, गाडी पुण्याला किती वाजता पोचते. वर म्हणलास, सहज विचारलं. सहजच विचारलं असशील. मी काही अर्थ काढत न्हाई. मी आपली म्हातारी, मला काय कळतं?

येऊ नकोस हं.

(गाडी सकाळी सातला पोचते. – शीला)

---

राणीसावरगाव
१४ ऑगस्ट

शीला,

जय भीम माझ्या सोन्या. अक्षर बघून दचकलीस ना? ह्या अक्षराला वळण न्हाई, सगळ्या ओळी डोंगर चढायल्यात. तुझ्या बापाचं हाय. रजा वाढवून घेतलीय अन् माझ्यापुढं मांडी घालून बसलाय, शाळेत बसायचा तसा.

(मी असा बसायचो नाही.)

बघितलंस? हेबी मधीच लिहितंय. सारं घराणं तसलंच.

पुण्याच्या स्टेशनावर काय झालं ते तुला सांगायची गरज न्हाई. तू व्हतीसच. पण मला अजून हसू येतं. एप्रिलपासून अबोला, अन् बाप-लेक समोरासमोर आले तर बोलले काय? हा हातात निळी बादली घेऊन उभा. म्हणला, "हॉस्टेलला लागते म्हणून आणली." तू म्हणलीस, "मोठी हाय." हा म्हणला, "बदलून आणू का?" तू म्हणलीस, "नको, कपडे भिजवायला बरी." मग टॅक्सीत बसेपर्यंत दोघं बादलीवरच बोलायलात. मनिषा अन् मी मागं. मी तिला म्हणलं, सुटलं बघ. ती म्हणली, "काय?" मी म्हणलं, बादलीचं.

तू हॉस्टेलात गेल्यावर काय झालं ते मात्र तुला म्हाईत न्हाई. हा म्हणला, चहा घेऊन येतो, अन् गायबच झाला. मी अन् मनिषा शोधत शोधत गेलो तर गणिताच्या इमारतीत, एका भिंतीपुढं उभा. तिथं आधीच्या चौथ्या वर्षाच्या पोरांनी काय काय शोधलं, त्याचे कागद लावलेत. ह्यानं एकेक वाचला, वरपासून खालपर्यंत. शिपाई विचारायला आला, काय पाहिजे काका? हा म्हणला, "काही न्हाई, बघायलोय." मी विचारलं, कळलं का रे काही? म्हणला, "एक ओळ न्हाई कळली, माय." पण जागचा हलंना. शेवटी मीच म्हणलं, आता ती भिंत घरी न्यायची का?

गावात आला तर सारे धावले. केशरबाई, लिंबाजी, पारावरचे ते दोघंबी. आता तरी सांगा, चौथ्या वर्षाचं उत्तर काय दिलं पोरीनं? ह्याला ठाऊक हाय हे कळल्यावर तर पिच्छाच सोडंनात. अन् हा बघ, ढिम्म. म्हणतो, "ते माझ्या नावानं आलंय." मी म्हणलं, अरे मी तुझी माय, माझ्याच पत्रात आलंय ते, माझ्याच पाकिटात, माझ्याच तिकिटावर! तर म्हणतो, "माय, तू भिंतीकडं तोंड केलं व्हतंस ना? मग तसंच ठेव."

म्हणजे तुमी दोघं एक झालात अन् मी बाहेर पडले. इतके महिने मधी बसून पत्रं लिहिली, त्याची ही मजुरी. लय बेइमान हायत तुमी. मी काही रागावले न्हाई. रागावले असते तर हे पत्र लिहिलं असतं का?

जेवत जा. चिवडा सगळा वाटू नकोस, थोडा लपवून ठेव. वर्गात कुणी हुशार भेटलं तर कळव, कुणी माझ्यासारखं भेटलं तर लगेच कळव.

आता थोडी जागा सोडते. नागेशला काही लिहायचंय म्हणं. मी भिंतीकडं बघायलेय.

शीला,

रजा मागायला गेलो तेव्हा मोठ्या सिस्टरनी विचारलं, कशासाठी? म्हटलं, मुलीला कॉलेजात सोडायचंय. म्हणाल्या, किती वर्षांचं आहे? म्हटलं, चार. त्यांनी सही केली अन् कागद परत दिला. मी तिथंच उभा राहिलो. म्हणाल्या, अजून काही आहे का, नागेश? म्हटलं, नाही.

चौथं वर्ष कशाला, असं त्या विचारतील म्हणून मी थांबलो होतो. दवाखान्यात अजून एकानंही विचारलं नाही. मला आता त्याचं उत्तर सांगता येतं.

पप्पा